फायरस्टोनचे सतरा कामगार: काम कमी झाले म्हणून घरी बसवण्याचा अधिकार मालकाला कोठून मिळतो?

फायरस्टोन टायर अँड रबर कंपनीचा टायरचा कारखाना मुंबईत होता आणि तयार माल विक्रीसाठी पाठवण्याची वितरण कार्यालये दिल्लीसह अन्य शहरांत होती. १९६७ साली मुंबईच्या कारखान्यात दोनदा संप झाला. पहिला मार्च ते मे या काळात झाला आणि दुसरा ऑक्टोबरात सुरू झाला. दुसऱ्या संपामुळे दिल्लीला जाणारा माल आटला. दिल्लीच्या कार्यालयात तेव्हा तीस कामगार होते. फेब्रुवारी १९६८ च्या आरंभी व्यवस्थापनाने त्यांच्यापैकी सतरा जणांची नावे लिहून नोटीस काढली की, मुंबईतील संपामुळे माल उपलब्ध नसल्याने या कामगारांना काम देता येत नाही, सबब त्यांना ५ फेब्रुवारीपासून कायद्यानुसार ले-ऑफ (नोकरी न तोडता, काम न देता काही काळ घरी बसवणे) देण्यात येत आहे. हा ले-ऑफ २२ एप्रिल १९६८ रोजी उठला. मधल्या अकरा आठवड्यांचा पगार या सतरा जणांना मिळाला नाही आणि भरपाईही मिळाली नाही.

येथे दिल्लीच्या कामगारांनी संप केलेला नव्हता आणि त्यांच्याविरुद्ध कसलीही तक्रार नव्हती. कंपनीनेही खोटे कारण पुढे केले असे म्हणता येत नाही, कारण माल खरोखरच येत नव्हता. दोन्ही बाजू आपापल्या जागी प्रामाणिक असताना नुकसान कोणी सोसायचे, एवढाच प्रश्न उरतो. मंदीत पाळी कमी करणाऱ्या, आठवड्यातून दोन दिवस कारखाना बंद ठेवणाऱ्या किंवा निम्म्या वेळेवर बोलावून निम्मा पगार देऊ पाहणाऱ्या प्रत्येक आस्थापनेत नेमका हाच प्रश्न उभा राहतो. म्हणून पन्नासहून अधिक वर्षांपूर्वीचे हे प्रकरण आजही बारकाईने वाचण्यासारखे आहे.

कंपनीच्या नोटिशीतील ‘कायद्यानुसार’ या शब्दापाशी थांबले पाहिजे. कोणत्या कायद्यानुसार? औद्योगिक विवाद कायदा, १९४७ यात ले-ऑफविषयीचे प्रकरण ५-अ हे १९५३ साली घालण्यात आले. कापड गिरण्यांत माल साचून पाळ्या बंद पडू लागल्या होत्या आणि मस्टरवर नाव असूनही हाताला काम नसलेल्या कामगाराला काहीतरी मिळावे, ही त्यामागची निकड होती. या प्रकरणातील कलम २५-क नुसार, एक वर्षाची सलग सेवा झालेल्या कामगाराला ले-ऑफच्या दिवसांसाठी मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेच्या निम्मी रक्कम मिळते. बदली आणि नैमित्तिक कामगार यातून वगळलेले आहेत. बारा महिन्यांत पंचेचाळीस दिवसांहून अधिक ले-ऑफ झाला आणि तसा करार झालेला असला, तर पुढील दिवसांची भरपाई देण्याचे बंधन राहत नाही.

परंतु हे प्रकरण सर्वांना लागू नाही. कलम २५-अ प्रमाणे ज्या आस्थापनेत सरासरी पन्नासहून कमी कामगार आहेत ती आस्थापना यातून बाहेर पडते. शिवाय येथे ‘औद्योगिक आस्थापना’ म्हणजे फक्त कारखाना, खाण आणि मळा. दिल्लीचे वितरण कार्यालय तीस कामगारांचे होते आणि कारखाना तर नव्हतेच. दोन्ही कसोट्यांवर ते बाहेर होते. वाद दिल्ली प्रशासनाने औद्योगिक न्यायाधिकरणाकडे सोपवला तेव्हा न्यायाधिकरणाने याच आधारावर निर्णय दिला की, कायद्यातील भरपाईची तरतूद या कामगारांना लागू नाही, म्हणून त्यांना काहीही मिळणार नाही.

वरवर पाहता हा निर्णय तर्कशुद्ध वाटतो. कायदा भरपाई देतो, तो तुम्हाला लागू नाही, म्हणून भरपाई नाही. आजही अनेक लहान कारखान्यांच्या आणि कार्यालयांच्या मनुष्यबळ विभागांत हेच सूत्र जसेच्या तसे वापरले जाते आणि कामगारही ते मुकाट्याने मान्य करतात. त्यातली त्रुटी युनियनच्या अपिलावर सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली दाखवून दिली.

न्या. उंटवालिया यांनी लिहिलेल्या या निकालाने प्रश्नांचा क्रम बदलला. भरपाई किती, हा दुसरा प्रश्न ठरला. मालकाला ले-ऑफ देण्याचा अधिकार मुळात आहे का, हा पहिला. कलम २(केकेके) ले-ऑफची केवळ व्याख्या करते आणि कलम २५-क भरपाईचे प्रमाण ठरवते. ‘मालकास ले-ऑफ देता येईल’ असे ही दोन्ही कलमे कोठेच म्हणत नाहीत. नोकरीचा करार चालू आहे, नाव हजेरीपटावर आहे, कामगार यायला तयार आहे, तर काम न देणे ही मालकाची करारभंगाची कृती होते. हा करार काही काळ थांबवून ठेवण्याचा अधिकार मालक म्हणून आपोआप मिळत नाही. तो नेमणुकीच्या अटींत असला पाहिजे, नाहीतर प्रमाणित स्थायी आदेशांत (आस्थापनेच्या मंजूर झालेल्या लेखी सेवानियमांत), नाहीतर एखाद्या कायद्यात. यांपैकी कोठेही तो नसेल, तर मालकाने द्यावयाची भरपाई साधारणपणे पूर्ण वेतनाइतकी होते, असे न्यायालयाने ठरवले.

या विचाराची पायाभरणी आधी झालेली होती आणि तिच्यात साताऱ्याचे न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांचा मोठा वाटा होता. १९६० च्या कैरबेट्टा इस्टेटच्या प्रकरणात व्यवस्थापकावर हल्ला झाल्यानंतर मळ्याचा एक भाग बंद ठेवण्यात आला होता आणि कामगार ले-ऑफची भरपाई मागत होते. व्याख्येतील ‘अन्य कोणतेही कारण’ याचा अर्थ वाटेल ते कारण असा होत नाही, ते कोळसा, वीज, कच्चा माल, साचलेला माल, यंत्रातील बिघाड या उल्लेखिलेल्या कारणांच्या जातकुळीतलेच असले पाहिजे, असे गजेंद्रगडकरांनी तेथे म्हटले आणि तो प्रकार ले-ऑफचा नसून टाळेबंदीचा, म्हणजे वादातून मालकाने काम बंद ठेवण्याचा, असल्याचा निर्णय दिला. तेव्हा या अर्थाचा लाभ मालकाला झाला होता, कारण ले-ऑफची भरपाई द्यावी लागली नाही. पण पुढे तोच अर्थ कामगाराच्या उपयोगी पडला, कारण ‘धंदा मंदा आहे’ एवढ्या एका वाक्यावर ले-ऑफ उभा राहत नाही हे त्यातूनच निघते. संसदेने १९८४ च्या दुरुस्तीने व्याख्येत नैसर्गिक आपत्तीची भर घातली आणि ‘अन्य कोणतेही संबंधित कारण’ असे शब्द केले, तेव्हा हाच अर्थ कायद्याच्या मजकुरात आला. १९६४ च्या देवान टी इस्टेटच्या निकालात त्यांनी आणखी पुढे जाऊन सांगितले की, कलम २५-क मुळे मालकाला ले-ऑफचा अंगभूत अधिकार मिळतो हे म्हणणे टिकत नाही. स्थायी आदेश असतील तर ले-ऑफ त्यांच्या चौकटीत बसला पाहिजे.

फायरस्टोनच्या निकालातून एक विपरीत वाटणारा परिणाम निघतो आणि तो मला या प्रकरणाचा गाभा वाटतो. प्रकरण ५-अ लागू असलेल्या मोठ्या कारखान्यात, जेथे स्थायी आदेशांत ले-ऑफचा अधिकार दिलेला असतो, तेथील कामगाराला निम्मे मिळते. त्या प्रकरणाच्या बाहेर असलेल्या लहान कार्यालयात करारात ले-ऑफचे कलम नसेल, तर कामगाराचा हक्क पूर्ण वेतनापर्यंत जातो. न्यायाधिकरणाने ज्याला कामगारांची उणीव मानले तीच त्यांची बाजू बळकट करणारी ठरली. कायद्याच्या संरक्षणाबाहेर असणे म्हणजे हक्काबाहेर असणे नव्हे. विशेष कायदा नसेल तेथे साधा करार उरतो आणि करारात ठरलेला मोबदला द्यावाच लागतो.

दिल्लीच्या कार्यालयाला प्रकरण ५-अ लागू असते तर या सतरा जणांची स्थिती कदाचित अधिक बिकट झाली असती. कलम २५-ई प्रमाणे, आस्थापनेच्याच दुसऱ्या भागातील कामगारांच्या संपामुळे ले-ऑफ द्यावा लागला तर निम्मी भरपाईसुद्धा मिळत नाही. असोसिएटेड सिमेंट कंपनीच्या आधीच्या प्रकरणात झिंकपाणीचा सिमेंट कारखाना आणि त्याला चुनखडी पुरवणारी राजंका येथील खाण ही दोन्ही मिळून एकच आस्थापना आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले होते. खाणीतल्या संपामुळे कारखान्यातले कामगार भरपाईला मुकले. मुंबईचा कारखाना आणि दिल्लीचे कार्यालय एकच, असा युक्तिवाद फायरस्टोनलाही करता आला असता. तो टिकला असता का, हे वेगळे. खाण आणि भट्टी यांच्याइतका घट्ट संबंध कारखाना आणि विक्रीचे कार्यालय यांच्यात दाखवणे सोपे गेले नसते.

‘साधारणपणे पूर्ण वेतन’ यातील पहिल्या शब्दाला मात्र वजन आहे. औद्योगिक विवाद कायद्याखाली वाद शासनाने न्यायाधिकरणाकडे सोपवलेला असेल, तर ले-ऑफ प्रामाणिक कारणाने दिला होता का, तो टाळता आला असता का, हे सर्व तपासून न्यायाधिकरण पूर्ण वेतनापेक्षा कमी रक्कमही योग्य ठरवू शकत होते. कामगार त्याच कायद्याच्या कलम ३३-क(२) खाली थेट कामगार न्यायालयात थकबाकीची मोजणी मागत असेल, तर तेथे न्यायालयाचे काम अस्तित्वात असलेल्या हक्काचा हिशेब करण्याचे असे, ले-ऑफ समर्थनीय होता की नाही याचा निवाडा करण्याचे नव्हे. कोणता मार्ग धरावा हा निर्णय त्यामुळे केवळ वकिलाच्या सोयीचा राहत नसे.

आता हाच नियम कामाचे तास कमी करण्याला लावून पाहू, कारण हल्ली पूर्ण ले-ऑफपेक्षा हा प्रकार अधिक दिसतो. ले-ऑफची कायदेशीर मोजणी दिवसात किंवा अर्ध्या दिवसात होते. नेमलेल्या वेळी हजर झालेल्या कामगाराला दोन तासांच्या आत काम दिले नाही, तर त्या दिवसाचा ले-ऑफ झाला असे मानले जाते. पाळीच्या सुरुवातीला काम न देता दुसऱ्या अर्ध्यात यायला सांगितले आणि तेव्हा काम दिले, तर ले-ऑफ अर्ध्याच दिवसाचा. दुसऱ्या अर्ध्यात येऊनही काम मिळाले नाही, तर त्या अर्ध्या दिवसाचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता पूर्ण द्यावा लागतो. एखाद्याचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून दिवसाला ८०० रुपये धरले, तर पूर्ण दिवसाच्या ले-ऑफला ४०० रुपये होतात, आणि दुसऱ्या अर्ध्यात बोलावून काम दिले तर पहिल्या अर्ध्याचे २०० व दुसऱ्याचे ४०० असे ६०० होतात. बोलावून काम दिले नाही तरी ६०० च होतात. कामगाराला एका दिवसात दोनदा फुकट ताटकळत ठेवता येऊ नये, ही त्यामागची दृष्टी आहे आणि ती आकड्यांत स्वच्छ दिसते.

या व्याख्येत न बसणारा प्रकार अधिक अडचणीचा आहे. आठ तासांच्या पाळीत कामगाराला सकाळी काम दिले आणि सहा तासांनंतर ‘आज माल नाही, निघा’ असे सांगून दोन तासांचा पगार कापला, तर हा ले-ऑफ नव्हे, कारण काम पाळीच्या आरंभीच दिलेले होते. येथे पगार कापायचा तर मालकाला दुसरा आधार दाखवावा लागतो. स्थायी आदेशांत आग, वीज जाणे, यंत्र बिघडणे यांसारख्या कारणांनी काम थांबवण्याची तरतूद बहुधा असते. केंद्रीय आदर्श स्थायी आदेशांनुसार अशा वेळी कामगाराला थांबवून ठेवलेला काळ एका तासाहून अधिक झाला, तर त्या सर्व काळाचे वेतन द्यावे लागते. पण ही तरतूद मालकाच्या हाताबाहेरच्या कारणांसाठी आहे. ऑर्डर कमी झाल्या म्हणून महिनोन्‌महिने पाळी दोन तासांनी आखूड करणे तिच्यात बसवता येईल असे मला वाटत नाही.

किमान वेतनावर काम करणाऱ्यांसाठी याहून स्पष्ट तरतूद आहे आणि ती फारच थोड्यांना ठाऊक असते. किमान वेतन कायदा, १९४८ याच्या कलम १५ प्रमाणे, ज्याचे किमान वेतन दिवसाच्या हिशेबाने ठरलेले आहे अशा कामगाराने मालकाने काम न दिल्यामुळे नेहमीच्या दिवसापेक्षा कमी तास काम केले, तरी त्याला पूर्ण दिवसाचे वेतन मिळाले पाहिजे. तो स्वतः काम करायला तयार नसेल तरच हा हक्क जातो. हीच तरतूद आता वेतन संहिता, २०१९ च्या कलम १० मध्ये आहे. त्यामुळे चार तास बोलावून निम्मी रोजंदारी हातावर ठेवणे, हा दुकानांत, हॉटेलांत आणि सफाईच्या कंत्राटांत सर्रास चालणारा व्यवहार, जेथे मजुरी किमान दराइतकीच आहे तेथे, सरळसरळ बेकायदा ठरतो. अर्थात येथेही नेमणूकच चार तासांची असेल तर प्रश्न वेगळा होतो, आणि म्हणूनच हजेरीच्या नोंदी व नेमणुकीचा कागद यांच्यावाचून हा दावा उभा राहत नाही.

तास कायमचे कमी करायचे असतील तर तो सेवाशर्तींमधील बदल होतो. वेतन, कामाचे तास आणि विश्रांतीची वेळ, पाळ्या सुरू किंवा बंद करणे या बाबी औद्योगिक विवाद कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत होत्या आणि त्यांत बदल करण्यापूर्वी कलम ९-अ प्रमाणे एकवीस दिवसांची नोटीस देणे आवश्यक होते. या एकवीस दिवसांत युनियनने वाद उपस्थित करून समेटाची कार्यवाही सुरू झाली, तर कार्यवाही चालू असेपर्यंत त्या बाबतीत कामगारांचे नुकसान करणारा बदल परवानगीवाचून करता येत नाही. केवळ नोटीस लावली म्हणून बदल वैध झाला, असे मानणाऱ्या व्यवस्थापनांची आणि तसेच मानणाऱ्या युनियनांचीही संख्या मोठी आहे.

कोरोनाच्या साथीतील टाळेबंदीच्या वर्षी, २०२० साली, या जुन्या प्रश्नाला नवे रूप आले. केंद्र सरकारने २९ मार्च २०२० रोजी पूर्ण वेतन देण्याचा आदेश काढला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने अलाइन कंपोनंट्सच्या प्रकरणात ३० एप्रिलला मालकांना वेतन देण्यास सांगितले, मात्र प्रवास आणि भोजन यांसारखे भत्ते वगळण्याची मुभा दिली. सर्वोच्च न्यायालयाने जूनमध्ये मालक व कामगारांनी आपसांत बोलून तोडगा काढावा असे सुचवले. करारात ले-ऑफचे कलम नसताना साथीच्या काळात वेतनाचे काय, याचे फायरस्टोनसारखे ठाम उत्तर त्यातून निघाले नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि औद्योगिक विवाद कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहिता, २०२० ने घेतली. ले-ऑफची व्याख्या, निम्मी भरपाई, पन्नास कामगारांची मर्यादा आणि बदलाची एकवीस दिवसांची नोटीस हा सांगाडा तसाच आहे. दोन ठिकाणी मात्र मोठा फरक पडला. कारखाने, खाणी व मळ्यांत ले-ऑफपूर्वी शासनाची परवानगी घेण्याचे बंधन जेथे शंभर कामगारांपासून सुरू होत होते, ते आता तीनशेपासून सुरू होते. स्थायी आदेशांची सक्तीही तीनशेपासूनच आहे. महाराष्ट्रात पूर्वी ती पन्नास कामगारांपासून होती, म्हणजे चाकण, वाळूज, सातपूर येथील मध्यम आकाराच्या पुष्कळ कारखान्यांना लेखी आणि प्रमाणित नियमांचे जे बंधन होते, ते संहितेने त्यांच्यावर ठेवलेले नाही.

याचा फायरस्टोनच्या नियमाशी थेट संबंध आहे. ले-ऑफचा अधिकार कोठून येतो याची उत्तरे न्यायालयाने सांगितली होती: करार, स्थायी आदेश किंवा कायदा. दोनशे कामगारांच्या कारखान्यात स्थायी आदेशच नसतील, तर मालकाजवळ मुख्यतः नेमणूकपत्र उरते. त्यात ले-ऑफचे कलम नसेल, तर त्या कारखान्यातील कामगाराची बाजू १९६८ च्या दिल्लीतील सतरा जणांसारखी होते आणि निम्म्या भरपाईवर समाधान मानण्याचे कारण त्याला राहत नाही. पण अलीकडच्या नेमणूकपत्रांत, विशेषतः कंत्राटदार आणि माहिती तंत्रज्ञान कंपन्यांच्या पत्रांत, व्यवसायाच्या गरजेनुसार कामाचे तास व दिवस कमी करण्याचा आणि त्या प्रमाणात वेतन देण्याचा अधिकार कंपनीला राहील, अशा अर्थाचे वाक्य बाराव्या-तेराव्या परिच्छेदात असते. सही करताना ते कोणी वाचत नाही. प्रकरण ५-अ च्या बाहेरच्या आस्थापनेत असे वाक्य असेल, तर फायरस्टोनच्याच निकालाप्रमाणे भरपाई मिळेल की नाही हे त्या वाक्यावर ठरते, आणि ती शून्यही असू शकते.

जुन्या कामगारांना मंदीच्या तोंडावर असे कलम असलेले नवे पत्र देऊन सही मागितली जाते, तेव्हा खरी चकमक होते. मालकाच्या दृष्टीने ती औपचारिकता असते. माझ्या मते तो वेतन आणि कामाचे तास या दोन्ही बाबींतील बदल आहे, त्यासाठी बदलाची नोटीस द्यायला हवी आणि त्यावर वाद उपस्थित करण्याचा अधिकार कामगारांना आहे. सही करण्यापूर्वी जुने नेमणूकपत्र, गेल्या वर्षभराच्या पगारपावत्या आणि हजेरीच्या नोंदी जवळ असाव्यात. ले-ऑफ सुरू झालाच, तर ठरलेल्या वेळी दिवसातून एकदा हजर राहणे आवश्यक आहे, कारण कलम २५-ई प्रमाणे आणि आता संहितेप्रमाणेही, तसे न केल्यास त्या दिवसाची भरपाई जाते. ‘उद्या येऊ नका’ असा व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप आला असेल तर तो जपून ठेवावा. आपण यायला तयार होतो आणि काम मालकाने दिले नाही, हे दाखवायला तोच कागद उपयोगी पडतो. ले-ऑफचे दिवस सलग सेवेच्या दोनशे चाळीस दिवसांत मोजले जातात, हेही पुढे नोकरकपातीची वेळ आली तर महत्त्वाचे ठरते.